ऑर्किडची लहान रोपं: निवड आणि कुंडीबदल

ऑर्किडचं लहान रोप घ्यायला गेलात की पानांकडे नंतर बघा, आधी मुळं बघा. निरोगी मूळ टणक आणि रुपेरी-पांढरं असतं. त्यावर पाणी शिंपडलं की बघता बघता हिरवी झाक येते, कारण वरचं स्पंजासारखं आवरण पाणी शोषून पारदर्शक होतं. मेलेलं मूळ तपकिरी आणि पोकळ असतं. चिमटीत धरून हलकेच ओढलं तर साल निघून येतं आणि आतली दोऱ्यासारखी शीर तेवढी हातात राहते. पानं कितीही तुकतुकीत असली तरी अशी मुळं असलेलं रोप घेऊ नका.

कोणतं घ्यावं?

मुंबई, कोकण, गोव्याच्या दमट हवेत डेंड्रोबियमसारखं सोपं काही नाही. पुण्या-नाशकातही ते चांगलं येतं, फक्त थंडीत पाणी कमी करावं लागतं. फॅलेनोप्सिस घरात, खिडकीजवळच्या सौम्य उजेडात ठेवता येतं. वांडा फार देखणं, पण त्याची उघडी मुळं रोज भिजवावी लागतात आणि लहान रोपाला फूल यायला बरीच वर्षं लागतात. पहिलं रोप म्हणून मी ते सुचवणार नाही. विदर्भ-मराठवाड्याच्या उन्हाळ्यात कुठलंही ऑर्किड सावलीत, इतर झाडांच्या गर्दीतच ठेवा.

विक्रेत्याला दोन गोष्टी विचारा. रोप टिश्यू कल्चरचं (म्हणजे एकाच झाडाच्या तुकड्यापासून प्रयोगशाळेत वाढवलेलं) आहे की बियांपासूनचं? टिश्यू कल्चरचं असेल तर सहसा फोटोतलंच फूल मिळतं. बियांपासूनच्या रोपाचा रंग वेगळा निघू शकतो. दुसरं म्हणजे, प्रयोगशाळेतल्या बाटलीतून काढून किती महिने झाले? नुकतीच बाहेर आलेली बोटभर रोपं पटकन कुजतात. दोन-तीन काठ्या (उभे जाड दांडे) फुटलेलं डेंड्रोबियम घेतलं तर साधारण वर्षा-दोन वर्षांत फूल दिसतं.

रस्त्याकडेला विकली जाणारी, जंगलातून ओरबाडलेली सीतेची वेणी (झाडावर वाढणारं रानटी ऑर्किड) मात्र अजिबात घेऊ नका. ऑर्किडचं बी धुळीइतकं बारीक असतं, त्यात अन्नसाठाच नसतो. निसर्गात विशिष्ट बुरशीची साथ मिळाली तरच ते रुजतं. लुईस नड्सन यांनी 1922 साली साखर घातलेल्या माध्यमावर, बुरशीशिवाय बी रुजवून दाखवलं, म्हणून आज प्रयोगशाळेत लाखो रोपं तयार होतात. सह्याद्रीतल्या झाडाच्या फांदीवर ती सोय नाही. तिथून उपटलेल्या रोपाची जागा सहज भरून निघत नाही.

कुंडी कधी बदलायची?

नव्या कोंबाच्या बुडाशी हिरव्या टोकाची मुळं डोकावू लागली की. आपल्याकडे बहुधा फेब्रुवारीअखेर ते मे. ऐन पावसाळ्यात आणि कडक थंडीत टाळा. कुरियरने उघड्या मुळांची रोपं आली असतील तर मुहूर्त बघत बसू नका. पंधरा-वीस मिनिटं पाण्यात ठेवा, सावलीत निथळू द्या आणि लावा.

लावताना

माती मुळीच नको. लाकडी कोळसा आणि नारळाच्या सोडणाचे तुकडे पुरतात. लहान रोपासाठी ते साधारण सेंटीमीटरभर असावेत. सोडण दोन-तीन दिवस भिजवा आणि लालसर पाणी रोज फेकून द्या, त्यातून क्षार निघून जातात. कोळसा धुऊन रात्रभर भिजवा. पाणी द्यायला वेळ कमी मिळत असेल तर सोडण जास्त घ्या. सारखं पाणी घालायची सवय असेल तर कोळसा जास्त.

कुंडी दोन-तीन इंचांची, जाळीची. मोठी कुंडी आतून ओलीच राहते आणि मुळांना हवा मिळत नाही. जुनं मिश्रण हलक्या हाताने सोडवा. चिकटलेला तुकडा ओढून काढू नका, तसाच राहू द्या. मेलेली मुळं ज्योतीवर तापवून गार केलेल्या कात्रीने कापा. डेंड्रोबियमच्या काठीचं बूड मिश्रणाच्या वरच राहिलं पाहिजे, गाडलं तर नवे कोंब कुजतात. मग रोपाला बारीक काडीचा आधार देऊन सुतळीने बांधा. ही पायरी अनेकजण सोडून देतात, पण रोप डुगडुगत राहिलं तर मुळांची कोवळी टोकं घासून मरतात.

मुळं कापली असतील तर दोन-तीन दिवस कुंडीत पाणी घालू नका, सकाळी पानांवर हलका फवारा पुरे. नंतर मिश्रण सुकत आलं की भरपूर पाणी द्या आणि पूर्ण निथळू द्या. फॅलेनोप्सिसच्या पानांच्या मधोमध पाणी साचलं तर कागदाने टिपून घ्या. डेंड्रोबियम सुरुवातीला सावलीत ठेवून हळूहळू सकाळच्या कोवळ्या उन्हात किंवा पन्नास टक्क्यांच्या शेडनेटखाली आणा.

नवी मुळं धावू लागली की आठवड्यातून एकदा 19:19:19 खत (नत्र, स्फुरद, पालाश सारख्या प्रमाणात असलेलं), लिटरला अर्धा ग्रॅम, आधी साधं पाणी देऊन मग. मुळांची टोकं काळी पडली किंवा कोळशावर पांढरे क्षार दिसले तर खत थांबवून कुंडी धुऊन काढा. बोअरच्या जड पाण्याने हे लवकर होतं. तिथे पावसाचं साठवलेलं पाणी उत्तम. पुढची कुंडी साधारण दोन वर्षांनी, नवे कोंब काठाबाहेर जाऊ लागल्यावर, आणि तेव्हाही एकच माप मोठी.