हवेत गिधाड किंवा गरुड भेटल्यास पॅराग्लायडिंग पायलटांनी या चुका टाळा

कामशेतच्या टेकड्यांवर पॅराग्लायडिंग शिकलेल्या पायलटाची पक्ष्यांशी ओळख बहुधा घारींपासून सुरू होते. घारीचे वजन साधारण एक किलोच्या आत असते, ती चपळ असते आणि पायलट जवळ आला की सहज बाजूला सरकते. हाच पायलट पुढे हिमाचल प्रदेशातील बीर-बिलिंगला गेला, तर सुमारे २,४०० मीटर उंचीवरील बिलिंगच्या टेकऑफवरून निघाल्यावर थोड्याच वेळात त्याच्या शेजारी हिमालयीन गिधाड घिरट्या घालू लागते. या गिधाडाचे वजन ६ ते १२ किलो असते आणि पंखांचा विस्तार जवळजवळ तीन मीटरपर्यंत जातो. घारींमुळे लागलेल्या सवयी येथे उपयोगी पडत नाहीत आणि पुढील बहुतेक चुकांचे मूळ तेथेच असते.

पक्ष्याला आपण दिसतोच असे गृहीत धरणे

गिधाडाची नजर तीक्ष्ण असते, म्हणून एवढे मोठे रंगीत कापड त्याला दिसणारच, असा युक्तिवाद अनुभवी पायलटही करतात. प्रत्यक्षात ग्रिफन गटातील (हिमालयीन गिधाडही याच गटातले) गिधाडांचे दृष्टिक्षेत्र खालच्या बाजूला आणि दोन्ही कडांना विस्तृत असले, तरी डोक्याच्या वर त्यांना बराच मोठा भाग दिसत नाही. जमिनीवरचे मृत जनावर शोधताना गिधाड मान खाली झुकवते आणि तेवढा वेळ त्याला उड्डाणाच्या दिशेने नेमके समोरचेच दिसेनासे होते. पवनचक्क्यांच्या पात्यांवर गिधाडे आदळण्यामागे संशोधकांनी हेच कारण सांगितले आहे. त्यामुळे टक्कर टाळण्याची जबाबदारी पायलटाने स्वतःकडेच घ्यावी. थर्मलमध्ये, म्हणजे वर चढणाऱ्या उष्ण हवेच्या झोतात, गिधाड आधीपासून असेल, तर ते ज्या दिशेने फिरत आहे त्याच दिशेने फिरावे. ते आपल्यानंतर येऊन उलट्या दिशेने फिरू लागले, तरी हट्ट न करता आपणच दिशा बदलावी किंवा वर्तुळ मोठे करावे. गिधाड आपल्या पातळीवर असताना त्याच्यावरची नजर हटवून व्हॅरिओचे, म्हणजे चढ-उताराचा वेग आकड्यांनी आणि आवाजाने सांगणाऱ्या उपकरणाचे, आकडे पाहत बसू नये. थर्मलची ताकद आवाजावरून कळतेच.

पक्षी जाईल तेथे मागोमाग जाणे

घिरट्या घालणारे गिधाड म्हणजे थर्मलची खूण, हे खरे आहे आणि डोंगरी उड्डाणात या खुणेइतकी विश्वासार्ह दुसरी खूण क्वचितच मिळते. तरीही गिधाडाला जमते ते आपल्याला जमेलच असे नाही. बीर-बिलिंगच्या धौलाधार पर्वतरांगेत कड्यालगत, वाऱ्याच्या आडोशाच्या बाजूला, गिधाड निवांत वर चढताना दिसते. हवा अचानक कोसळली, तर ते पंख अर्धे मिटून वेग घेते आणि दरीत निसटते. पॅराग्लायडरचा पंख हवेच्या दाबावर उभा असतो आणि त्याच खळबळीत तो कोलमडू शकतो, तोही सावरायला पुरेशी उंची नसताना. शिवाय पक्ष्याचे वर्तुळ आपल्यापेक्षा लहान असते. घार ज्या अरुंद बुडबुड्यात उंची मिळवते, त्यात पॅराग्लायडरचे अर्धे वर्तुळ खाली जाणाऱ्या हवेत पडते. म्हणून आधी वाऱ्याची दिशा, कड्यापासूनचे अंतर आणि खालची मोकळी जागा पाहावी, मगच पक्ष्याचे मार्गदर्शन स्वीकारावे. पंख फडफडवत जाणाऱ्या पक्ष्याच्या मागे जाण्यात तर काहीच अर्थ नसतो, कारण त्यालाही तेथे थर्मल मिळालेला नसतो.

गिधाड आणि गरुड यांना एकाच मापाने मोजणे

ही चूक सर्वांत महागात पडते. गिधाडे मेलेल्या जनावरांवर जगतात, समूहाने उडतात आणि पायलटाकडे फार तर कुतूहलाने पाहतात. गरुडाची जोडी मात्र आपला प्रदेश राखते आणि विणीच्या काळात त्यात शिरणाऱ्या कोणत्याही मोठ्या पंखाला प्रतिस्पर्धी समजू शकते. ऑस्ट्रेलियातील वेज-टेल्ड ईगल याबाबतीत प्रसिद्ध आहे. २००७ मध्ये न्यू साउथ वेल्समधील मॅनिला येथे एका ब्रिटिश महिला पायलटवर अशा दोन गरुडांनी हल्ला केला आणि त्यांतील एक ग्लायडरच्या दोऱ्यांमध्ये अडकला. सुदैवाने ती सुखरूप उतरली. आपल्याकडे सह्याद्रीच्या कड्यांवर घरटी करणाऱ्या बोनेली गरुडाची वीण थंडीच्या दिवसांत चालते, म्हणजे आपल्या उड्डाणाच्या हंगामातच. याउलट शरद ऋतूत धौलाधारच्या कडेने स्थलांतर करणारे स्टेप गरुड वाटसरू असतात, त्यांच्यापासून सहसा उपद्रव होत नाही.

गरुड पुन्हापुन्हा सूर मारून वर उसळू लागला, पाय खाली सोडून नखे दाखवू लागला किंवा आपल्या मागे-वर येऊन थांबू लागला, तर तो इशारा समजावा. अशा वेळी चांगला थर्मल सोडवत नाही आणि तेथेच गाडी अडते. घरट्याच्या कड्यापासून दूर, मोकळ्या दरीकडे निघून जावे. गरुडाकडे वळून पाहत मोठ्याने ओरडावे. त्याला पळवून लावण्यासाठी त्याच्या दिशेने ग्लायडर वळवू नये. घाईत स्पीडबार (वेग वाढवण्यासाठी पायाने दाबायची दांडी) पूर्ण दाबणेही टाळावे, कारण खळबळीच्या हवेत त्यामुळे पंख कोलमडण्याची शक्यता वाढते.

खाऊ आणि कॅमेरा

नेपाळमधील पोखरा येथे स्कॉट मेसन यांनी सुरू केलेल्या पॅराहॉकिंगमध्ये, म्हणजे शिकवलेल्या पक्ष्यांसोबतच्या पॅराग्लायडिंगमध्ये, पक्षी हातावर येऊन मांस खात असत, परंतु ते पक्षी माणसाळवलेले आणि शिकवलेले होते. रानटी गिधाडाला असे बोलावू नये. टँडम, म्हणजे पायलटासोबत प्रवासी असलेल्या उड्डाणात प्रवाशाला सेल्फी स्टिक पक्ष्याच्या दिशेने पुढे करू देऊ नये.

पक्षी दोऱ्यांत अडकल्यावर

अडकलेल्या पक्ष्याकडे बघत राहणे, ही येथील पहिली चूक होय. आधी उंची आणि दिशा पाहावी, अंगाचा भार पक्षी अडकलेल्या बाजूच्या उलट बाजूला टाकून व ब्रेकची दोरी हलकी ओढून ग्लायडर सरळ ठेवावा आणि मोकळ्या जागेकडे उतरू लागावे. ग्लायडर गोल फिरू लागला आणि आवरेना, तर रिझर्व्ह (आपत्कालीन पॅराशूट) लगेच फेकावा. फेरे वाढतात तसा शरीरावरचा भार वाढतो आणि हँडलपर्यंत हात नेणेही अवघड होते.

जमिनीवर उतरल्यावर पक्ष्याच्या डोक्यावर जॅकेट टाकले की तो बराचसा शांत होतो. गरुडाच्या नखांपासून आणि गिधाडाच्या चोचीपासून सावध राहावे. गिधाडाचे पाय कमकुवत असतात, पण घाबरल्यावर ते पोटातले सारे बाहेर टाकते आणि तो वास हार्नेसमधून (पायलटाच्या पट्ट्यांच्या बैठकीतून) लवकर जात नाही. पक्ष्याचे पंख ओढण्याऐवजी दोऱ्या कापाव्यात. तो जखमी असेल, तर वन विभागाला कळवावे, कारण हे पक्षी वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतात. नंतर ग्लायडर उजेडात पसरून वरच्या कापडाचा प्रत्येक कप्पा तपासावा. नखांचे बारीक छिद्र चिकटपट्टीने भागते. एखाद्या दोरीचे आवरण फाटले असेल, तर ती बदलल्याशिवाय पुढचे उड्डाण करू नये.