जुन्या गिटार अँपचा स्प्रिंग रिव्हर्ब दुरुस्त कसा करावा

जुन्या व्हॉल्व्ह (काचेच्या नळ्यांच्या) अँपचा रिव्हर्ब, म्हणजे आवाजाला घुमारा देणारा भाग, बंद पडला की बरेच जण थेट नवा टँक, म्हणजे स्प्रिंग असलेली पत्र्याची पेटी, मागवतात. एवढी घाई करू नका. दोष बहुतेकदा केबलमध्ये, सॉकेटमध्ये किंवा केसाएवढ्या एखाद्या तारेत असतो. फेंडर कंपनीने 1963 मध्ये व्हायब्रोव्हर्ब या अँपच्या आतच रिव्हर्ब बसवला, आणि पुढच्या कित्येक अँपमध्ये मांडणी साधारण तीच राहिली: एक व्हॉल्व्ह स्प्रिंग हलवतो, दुसरा त्यांचा क्षीण सिग्नल मोठा करतो. म्हणून आधी दोष कुठल्या अर्ध्यात आहे ते शोधा.

अँप चालू करा, रिव्हर्बचा नॉब मध्यावर आणा आणि कॅबिनेटला हलकी थाप मारा. स्पीकरमधून झणझणाट आला तर स्प्रिंग आणि परतीची बाजू (सिग्नल मोठा करणारा अर्धा भाग) शाबूत आहे. बिघाड ड्रायव्हर व्हॉल्व्ह (स्प्रिंग हलवणारा), त्याचा छोटा ट्रान्सफॉर्मर किंवा टँकच्या इनपुटकडे आहे. काहीच आलं नाही तर परतीची बाजू तपासा. त्याआधी फूटस्विचची (पायाने रिव्हर्ब चालू-बंद करायच्या बटणाची) केबल काढून बघा, कारण तिच्यातला शॉर्टसुद्धा रिव्हर्ब बंद पाडतो.

आता अँप बंद करून प्लग काढा. टँक तपासायला चासी (सर्किट असलेला धातूचा सांगाडा) उघडावी लागत नाही. हे बरंच आहे, कारण आतल्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही 400 व्होल्टच्या आसपास भार राहू शकतो. ते काम जाणकाराकडेच द्या.

टँक त्याच्या पिशवीतून काढा आणि आरसीए सॉकेटवर (केबल जिथे लागते त्या गोल सॉकेटवर) मल्टिमीटर लावा. 4एबी3सी1बी या कोडच्या नेहमीच्या टँकमध्ये इनपुट कॉइल सुमारे 1 ओहम आणि आउटपुट कॉइल सुमारे 200 ओहम दाखवते. मीटर ‘ओपन’, म्हणजे जोडणी तुटलेली, दाखवत असेल तर उघड्या बाजूने भिंगातून पाहा. सॉकेटपासून कॉइलकडे जाणारी बारीक तार बहुधा टोकाशीच तुटलेली असते. टोक हलक्या हाताने खरवडा, बारीक टोकाच्या सोल्डरिंग आयर्नने पटकन सोल्डर करा. स्प्रिंगला बोट लावू नका. एकदा ताणली की ती पूर्ववत होत नाही.

टँक परत जोडल्याशिवाय अँप चालू करू नका. लोड नसताना ड्रायव्हरच्या ट्रान्सफॉर्मरवर ताण येतो.

रिव्हर्ब आला, पण सोबत घरघरही आली? टँकची डावी-उजवी टोकं अदलाबदल होतील असा तो फिरवा, आउटपुटचं टोक पॉवर ट्रान्सफॉर्मरपासून लांब जाईल असा. टँकच्या कोडच्या शेवटी ‘बी’ असेल तर उघडी बाजू खालीच हवी. मोठ्या आवाजात हुंकार येत असेल तर पिशवीत पुठ्ठा घाला, मात्र तो स्प्रिंगला टेकता कामा नये.

नॉब जरा फिरवताच सगळं पाण्यात बुडाल्यासारखं वाटतं, अशी तक्रार असते. तिथे ड्रायव्हरचा 12एटी7 व्हॉल्व्ह काढून 12एयू7 लावा. बसण्याची जागा तीच, पण जोर कमी. त्यामुळे नॉबच्या खालच्या अर्ध्यातही बारीक फरक करता येतो. हे मला फार आवडतं, कारण यात सोल्डर लागत नाही आणि मूळ व्हॉल्व्ह जपून ठेवता येतो.