उभ्या गाडीची काळजी: पार्किंग, टायर आणि ब्रेक

गाडी जागेवर नेऊन थांबवली आहे, ब्रेकवर पाय आहे आणि इंजिन अजून चालू आहे, अशा वेळी पुढच्या चार-पाच सेकंदांत आपण ज्या क्रमाने हात-पाय हलवतो, त्यावर ती गाडी रात्रभर तिथेच राहणार की नाही, हे बरेचसे ठरते. हा क्रम सहसा कोणी शिकवत नाही, त्यामुळे जो तो आपल्या सवयीने काहीतरी करतो. ऑटोमॅटिक गाडीचे उदाहरण घ्या. पुष्कळ चालक गाडी थांबताच दांडा सरळ ‘पी’वर नेतात, ब्रेकवरचा पाय उचलतात आणि मग आठवण झाली तर हँडब्रेक ओढतात. उतारावर असे केले की पाय उचलताच गाडी वीतभर सरकते आणि हिसका देऊन थांबते. त्या क्षणी गाडीचे सगळे वजन गिअरबॉक्समधल्या बोटाएवढ्या एका धातूच्या खिटीवर आलेले असते, कारण ‘पी’ म्हणजे दातेरी चाकाच्या खाचेत अडकणारी खिटी, ब्रेक नव्हे. निघताना दांडा ‘पी’मधून काढायला जोर लागतो आणि ‘खट्’ असा मोठा आवाज येतो, तो याच ताणाचा.

योग्य क्रम असा आहे: ब्रेकवर पाय ठेवूनच दांडा न्यूट्रलला आणावा, हँडब्रेक पूर्ण ओढावा, मग पाय हळूच सैल करून गाडीचे वजन हँडब्रेकवर बसू द्यावे, ती सरकत नाही याची खात्री झाल्यावर पुन्हा ब्रेक दाबून दांडा ‘पी’वर न्यावा आणि शेवटी इंजिन बंद करावे. हाताने गिअर बदलण्याच्या गाडीतही हेच तत्त्व लागू पडते. आधी वजन हँडब्रेकवर घ्यावे, इंजिन बंद करावे आणि मग तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स गिअर टाकून क्लच सोडावा. हे दोन्ही गिअर सर्वांत ताकदीचे असल्याने बंद इंजिनाचा अडथळा चाकांपर्यंत सर्वाधिक जोराने पोहोचतो. तरीही सिलिंडरमध्ये दाबली गेलेली हवा हळूहळू निसटत असते, त्यामुळे तीव्र उतारावर केवळ गिअरवर सोडलेली गाडी थोडी थोडी पुढे सरकू शकते. नुसत्या हँडब्रेकचाही भरवसा नाही, कारण केबल वापराने सैल पडते. म्हणून सपाटीवर दोन आधार आणि उतारावर तीन, असा नियम मी पाळतो.

तिसरा आधार पुढच्या चाकांच्या रोखाचा. रस्त्याच्या कडेला फुटपाथची कड असेल आणि गाडीचे तोंड उताराकडे असेल, तर चाके कडेच्या दिशेने वळवावीत, म्हणजे गाडी सुटली तरी टायर कडेला अडेल. तोंड चढाकडे असेल तर उलट, चाके कडेपासून लांब, रस्त्याच्या बाजूला वळवावीत आणि टायरचा मागचा भाग कडेला टेकेपर्यंत गाडी अलगद मागे येऊ द्यावी. कड नसेल तर चढ असो वा उतार, चाकांचा रोख रस्त्याबाहेर ठेवावा, कारण सुटलेली गाडी वाहतुकीत शिरण्यापेक्षा कडेला उतरलेली केव्हाही बरी. टायर कडेला टेकलेला असावा, दाबलेला नसावा. रात्रभर चेपलेल्या बाजूच्या भिंतीतले धागे दुखावतात. स्टेअरिंगही गाडी किंचित सरकत असतानाच फिरवावे, कारण जागच्या जागी फिरवल्यास टायर रस्त्यावर घासला जातो आणि स्टेअरिंगच्या सांध्यांवर विनाकारण ताण येतो.

चाकामागे पाचर लावण्याची पद्धत जड वाहनांत नित्याची आहे आणि मोटारीच्या डिकीतही रबराच्या दोन पाचरी असाव्यात. पाचर नसेल तेव्हा दगड लावला जातो, त्यालाही हरकत नाही. मात्र निघताना तो दगड उचलून बाजूला टाकण्याची तसदी घ्यावी. भर रस्त्यात सोडलेला असा दगड रात्री दुचाकीस्वाराला दिसत नाही.

घाट उतरून आल्यावर लगेच गाडी उभी करायची असेल, तर आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मागच्या चाकांना डिस्क, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्या, असतील तर त्या तापून फुगलेल्या असतात आणि थंड होताना आकसतात, त्यामुळे घट्ट ओढलेला हँडब्रेक काही मिनिटांनी किंचित सैल झालेला असू शकतो. थोड्या वेळाने परत येऊन तो एक-दोन खाचा आणखी ओढावा. याउलट गाडी कित्येक आठवडे दमट हवेत उभी राहणार असेल, तर हँडब्रेक न ओढलेलाच चांगला, कारण ब्रेकच्या घर्षणपट्ट्या (लायनर) चाकातल्या ड्रमला चिकटून बसतात. अशा वेळी सपाट जागा, गिअर आणि चाकाच्या दोन्ही बाजूंना पाचरी, एवढे पुरे. शक्य असल्यास दर पंधरा दिवसांनी गाडी थोडी फिरवून आणावी, म्हणजे टायर एकाच जागी दबून चपटे होत नाहीत.

दुचाकी उतारावर उभी करताना तिचे तोंड चढाकडे असावे आणि ती पहिल्या गिअरमध्ये असावी. तोंड उताराकडे ठेवल्यास गाडी पुढे ढकलली जाते, साइड स्टँड मागे दुमडतो आणि गाडी आडवी होते. भुसभुशीत मातीत किंवा उन्हाने मऊ झालेल्या डांबरावर स्टँड रुततो, तेव्हा त्याखाली फळीचा तुकडा किंवा चपटा दगड सरकवावा.

जागेच्या निवडीबद्दल थोडक्यात सांगायचे, तर वळणाच्या लगेच पुढे, चढाच्या माथ्यापलीकडे, चौकाच्या तोंडाशी आणि पादचाऱ्यांच्या पट्ट्यांजवळ गाडी उभी करू नये. वाळलेल्या गवतावर तर मुळीच नको, कारण गाडीच्या पोटाखालचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काही शे अंश सेल्सिअसपर्यंत तापलेला असतो आणि त्याने गवत पेटू शकते. पार्किंगच्या चौकोनात गाडी मागे घेत लावावी. शिरताना जरा कष्ट पडतात, पण निघताना समोरचे सगळे दिसते. उतरताना दार त्याच बाजूच्या हाताने न उघडता लांबच्या हाताने उघडावे. यामुळे खांदा आपोआप वळतो आणि मागून येणारा सायकलस्वार नजरेस पडतो. या पद्धतीला ‘डच रीच’ असे नाव आहे.

टायर

गाडी उभी करून उतरल्यावर लगेच निघून न जाता तिच्याभोवती एक फेरी मारावी. टायरच्या बहुतेक तक्रारी डोळ्यांना आणि तळव्याला कळतात. आधी नक्षीत खिळा, काच किंवा बाहेर आलेली तार नाही ना, हे पाहून घ्यावे आणि मग तळवा टायरवरून आडवा, आतून बाहेर आणि बाहेरून आत, असा फिरवावा. एका दिशेने गुळगुळीत आणि दुसऱ्या दिशेने करवतीच्या दात्यांसारखे लागले, तर अलाइनमेंट, म्हणजे चाकांचा रोख, बिघडले आहे असे समजावे. दोन्ही कडा झिजल्या आणि मध्य शाबूत असेल तर टायर बरेच दिवस कमी हवेवर चालला आहे; मध्य झिजला आणि कडा शाबूत असतील तर हवा जास्त भरली जात आहे. एकच कड खाल्ली गेली असेल तर चाकाचा कल चुकलेला आहे. जागोजाग वाट्यांसारखे खळगे पडले असतील तर बहुधा शॉक अॅब्सॉर्बर गेले आहेत किंवा बॅलन्सिंग बिघडले आहे. कारण न शोधता नुसता नवा टायर टाकला तर तोही तसाच झिजतो.

नक्षीच्या खाचांमध्ये ठरावीक अंतरावर रबराचे छोटे उंचवटे असतात आणि ते कुठे आहेत हे दाखवणारी खूण टायरच्या भिंतीच्या वरच्या कडेला असते. मोटारीच्या टायरमध्ये या उंचवट्यांची उंची १.६ मिलिमीटर असते. नक्षी झिजून त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. खरे तर पावसाळी रस्त्यासाठी त्याआधीच, ३ मिलिमीटरच्या आसपास, बदलणे शहाणपणाचे, कारण खाचा उथळ झाल्या की पाणी बाहेर फेकले जात नाही आणि टायर पाण्यावर तरंगू लागतो.

भिंतीवरचे आकडे एकदा वाचायला शिकावेत. ‘१८५/६५ आर १५ ८८ एच’ असे लिहिले असेल, तर रुंदी १८५ मिलिमीटर, भिंतीची उंची रुंदीच्या ६५ टक्के, बांधणी रेडियल आणि रिम १५ इंची असा त्याचा अर्थ. ८८ म्हणजे एका टायरची भारक्षमता ५६० किलो आणि ‘एच’ म्हणजे वेगमर्यादा ताशी २१० किलोमीटर. ‘डॉट’ या अक्षरांनी सुरू होणाऱ्या ओळीच्या शेवटचे चार आकडे टायरचे वय सांगतात: २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी भरपूर असली तरी रबर वयाने कडक होते, म्हणून वापरात नसलेल्या स्टेपनीचे हे आकडे आवर्जून पाहावेत. भिंतीवर कुठे फुगा आलेला दिसला, तर आतले धागे तुटले आहेत हे नक्की. अशा टायरला दुरुस्ती नाही. पंक्चरही नक्षीच्या भागातले असेल तरच काढावे, भिंतीतले काढून टायर पुन्हा वापरू नये.

हवा टायर थंड असताना, म्हणजे गाडी किमान तीन तास उभी असताना तपासावी. किती हवा भरायची तो आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा इंधनाच्या झाकणाच्या आत लावलेल्या पट्टीवर असतो. टायरच्या भिंतीवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो आणि तेवढी हवा भरणे ही नेहमीची चूक आहे. चालून आलेल्या टायरमध्ये दाब चार-पाच पीएसआयने वाढलेला दिसतो. तो पाहून हवा सोडली, तर सकाळी टायर कमी हवेवर असतो. पंक्चर नसतानाही महिन्याला साधारण एक पीएसआय हवा कमी होते आणि तापमान ५–६ अंशांनी उतरले की आणखी एक. म्हणून महिन्यातून एकदा आणि लांबच्या प्रवासाआधी हवा पाहावी, त्यात स्टेपनीही धरावी. वॉल्व्हला टोपी असलीच पाहिजे, नाहीतर धूळ शिरून तो गळू लागतो.

चाक बदलताना

गाडी जॅकवर घेण्यापूर्वीच, चाक जमिनीवर असतानाच, नट अर्धा-पाऊण फेरा सैल करून घ्यावेत. जे चाक काढायचे त्याच्या तिरक्या कोपऱ्यातल्या चाकाला दोन्ही बाजूंनी पाचर लावावी. ‘गाडी गिअरमध्ये आहे, मग पाचर कशाला?’ असे विचारले जाते. इंजिनाची ताकद ज्या जोडीला मिळते त्यातले एक चाक उचलले गेले की ते हवेत मोकळे फिरू शकते, आणि दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या डिफरन्शिअलमुळे जमिनीवरचे दुसरेही मोकळे होते. म्हणजे गिअरचा धरबंध संपला. जॅक फक्त गाडीच्या पुस्तिकेत दाखवलेल्या जागीच लावावा, आणि केवळ जॅकवर असलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नये. काढलेले चाक दाराखालच्या पट्टीखाली आडवे ठेवले तर जॅक निसटला तरी गाडी त्यावर बसते.

नट कसताना शेजारचा न घेता समोरासमोरचा घ्यावा, म्हणजे रिम सरळ बसते. आधी हाताने, मग गाडी खाली घेऊन पान्याने. पान्यावर उभे राहून उड्या मारू नयेत, त्याने बोल्ट ताणले जातात. आट्यांना तेल किंवा ग्रीस लावणेही टाळावे, कारण तेवढ्याच जोराने नट मर्यादेपेक्षा जास्त आवळला जातो. ५० ते १०० किलोमीटर चालल्यावर नट पुन्हा एकदा तपासावेत. बारीक स्टेपनी असेल तर तिच्यावरच वेगमर्यादा लिहिलेली असते, बहुधा ताशी ८० किलोमीटर.

ब्रेक

ब्रेक बिघडण्याआधी सूचना देतात. ब्रेक दाबल्यावर बारीक किंचाळण्यासारखा आवाज येऊ लागला, तर बऱ्याच गाड्यांत ती पॅडवरची (डिस्कला दाबणाऱ्या घर्षणपट्टीवरची) पत्र्याची जीभ डिस्कला घासत असल्याची खूण असते. पॅड साधारण ३ मिलिमीटर उरला की बदलायला हवा. खरखर ऐकू येईपर्यंत थांबलात तर लोखंडावर लोखंड घासून डिस्कही जाते. पेडल स्पंजासारखे दबले तर नळ्यांत हवा शिरली आहे. दाबून धरल्यावर हळूहळू खाली जात राहिले तर कुठेतरी गळती आहे किंवा पेडलचा दाब ऑइलला देणारा मास्टर सिलिंडर गेला आहे, आणि अशी गाडी चालवू नये. गाडी एका बाजूला ओढत असेल किंवा थांबल्यावर एकच चाक जास्त तापलेले असेल, तर त्या चाकाचा, पॅड डिस्कवर दाबणारा कॅलिपर अडकला असण्याचा संभव असतो. तपासताना रिमला हात लावू नये, हात जवळ नेला तरी धग कळते.

ब्रेक ऑइलची पातळी डबीवरच्या दोन रेघांच्या मध्ये असावी. पॅड झिजले की पिस्टन पुढे सरकतात, तिथे जास्त ऑइल लागते आणि पातळी हळूहळू उतरते, म्हणून ती कमी दिसताच ऑइल ओतून मोकळे होण्याऐवजी आधी पॅड पाहावेत. हे ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. ‘डॉट ४’ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असतो, तर ओलावा शोषल्यावरची किमान मर्यादा १५५ अंशांची आहे. लांब उतारावर सतत ब्रेक दाबून हे ऑइल उकळले, तर वाफेचे बुडबुडे दाबले जातात आणि पेडल रिकामे पडते. म्हणून साधारण दोन वर्षांनी ते बदलावे आणि उतरताना खालचा गिअर घालून इंजिनाला वेग आवरू द्यावा. सिलिकॉनचे ‘डॉट ५’ इतर प्रकारांत मिसळू नये. रंगावर थेंब पडलाच तर लगेच पाण्याने धुवावा, नाहीतर रंग उठतो.

पायाचा जोर वाढवणाऱ्या व्हॅक्युम बूस्टरची तपासणी घरीच करता येते. इंजिन बंद असताना पेडल चार-पाच वेळा दाबावे, ते कडक झाले की पाय तसाच ठेवून इंजिन चालू करावे. पेडल किंचित खाली गेले तर बूस्टर ठीक आहे. विजेवरच्या गाड्यांत वेग कमी करण्याचे बरेच काम मोटरच करते, त्यामुळे डिस्क वापराअभावी गंजतात. रस्ता मोकळा असताना अधूनमधून ब्रेक नीट दाबून त्या स्वच्छ कराव्यात.

पॅड बदलून गाडी ताब्यात घेताना तिथेच, इंजिन चालू करून पण गिअर न टाकता, पेडल घट्ट होईपर्यंत दाबत राहावे. नवे पॅड बसवण्यासाठी पिस्टन मागे ढकललेले असतात आणि ते पुन्हा डिस्कपाशी येईपर्यंत पहिल्या एक-दोन दाबांना पेडल थेट तळाला जाते.