एआय वापरताय? कायदेशीर जबाबदारीची तयारी अशी करा

एआयने चूक केली तर भरपाई मागणारा आधी तुमच्याच दारात येतो, ते बनवणाऱ्याच्या नाही. एअर कॅनडाच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला सवलतीच्या तिकिटाचा नियम चुकीचा सांगितला. चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतःच जबाबदार आहे, हा कंपनीचा बचाव कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया प्रांताच्या न्यायाधिकरणाने फेब्रुवारी २०२४ मध्ये फेटाळला आणि भरपाई द्यायला लावली.

सुरुवात यादीपासून करा. कोणतं साधन कोण वापरतं, त्यात कोणता डेटा जातो आणि उत्तर चुकलं तर कोणाचं काय बिघडतं, हे लिहून काढा. कर्मचारी परस्पर वापरत असलेली मोफत साधनंही यादीत हवीत. नोकरभरती, कर्ज आणि उपचार यांच्याशी संबंधित वापर सर्वात वर ठेवा.

मग पुरवठादाराचा करार उघडा. भरपाईची कमाल मर्यादा किती आहे ते पाहा. बऱ्याच करारांत ती मागच्या १२ महिन्यांच्या शुल्काएवढीच असते. कॉपीराइटच्या दाव्यात संरक्षण देणारं कलम असलं, तरी पुरवठादाराचे फिल्टर (नको ती उत्तरं अडवणारी सोय) बंद केल्यास ते अनेकदा लागू होत नाही. तुमचा डेटा एआयच्या प्रशिक्षणासाठी वापरणार नाही, हे लेखी घ्या.

खरा आधार मात्र लॉगचा, म्हणजे एआयच्या प्रत्येक वापराच्या नोंदीचा. प्रश्न, उत्तर, वेळ, एआय मॉडेलची नेमकी आवृत्ती, उत्तरासाठी वापरलेले दस्तऐवज आणि मंजुरी देणाऱ्याचं नाव, एवढं जपायलाच हवं. आवृत्ती नोंदवली नसेल, तर पुरवठादाराने मॉडेल बदलल्यावर ती चूक पुन्हा घडवून दाखवता येत नाही आणि बचाव तिथेच ढासळतो. युरोपीय संघाचा एआय कायदा उच्च जोखमीच्या प्रणालींचे लॉग किमान ६ महिने ठेवायला सांगतो. दावा करण्याची मुदत सहसा त्याहून बरीच मोठी असते, म्हणून महत्त्वाच्या निर्णयांचे लॉग ती संपेपर्यंत ठेवा, अर्थात वैयक्तिक माहिती झाकून.

'माणूस तपासतो' एवढं म्हणणं पुरत नाही. तपासणाऱ्याने किती उत्तरं बदलली किंवा नाकारली ते दरमहा मोजा. आकडा शून्याजवळ असेल, तर मुद्दाम काही चुकीची उत्तरं मिसळून तो ती पकडतो का ते पाहा. घाईत माणूस यंत्राच्या उत्तरावर नुसती सही करतो, आणि अशा सहीने जबाबदारी कमी होत नाही.

चूक घडलीच तर प्रणाली थांबवा, लॉग पुसले जाणार नाहीत अशी सोय करा, आणि पुरवठादार व विमा कंपनी दोघांनाही मुदतीत लेखी कळवा. कळवायला उशीर केला, किंवा त्यांना न विचारता तडजोड केली, तर करारातलं संरक्षण हातचं जाऊ शकतं.