तुमच्या नावावर दुसऱ्याने कर्ज काढू नये म्हणून

खात्यातून पैसे गेले की मोबाइलवर संदेश येतो आणि माणूस त्याच क्षणी सावध होतो. परंतु आपल्या पॅनवर कोणी कर्ज उचलले, तर त्याचे सारे संदेश उचलणाऱ्याच्याच मोबाइलवर जातात. आपल्याला ते कळते वर्षा-दोन वर्षांनी, बहुधा घोडबंदर रोडवर किंवा खारघरमध्ये फ्लॅट बघून, टोकनची रक्कम देऊन झाल्यावर, जेव्हा बँकेतील अधिकारी ‘तुमचे एक कर्ज थकलेले दिसते’ असे सांगून गृहकर्जाचा अर्ज बाजूला ठेवतो. नेरुळमधील आमच्या सोसायटीत भाड्याने राहणाऱ्या एका तरुणाच्या बाबतीत नेमके असेच घडले. मी तेव्हा सोसायटीचा सचिव होतो. त्याने कधीही न घेतलेले, एका ॲपवरून काढलेले अठरा हजारांचे कर्ज त्याच्या नावावर थकले होते. अर्जासोबतची कागदपत्रे मागवून पाहिली, तेव्हा त्यातील आधारची प्रत ही भाडेकराराच्या वेळी काढलेली झेरॉक्सच निघाली. डाव्या कोपऱ्यातील स्टेपलची दोन छिद्रेसुद्धा त्या स्कॅनमध्ये स्पष्ट दिसत होती. ती दलालाकडून बाहेर गेली, झेरॉक्सच्या दुकानातून गेली की आमच्या कार्यालयातील कुलूप नसलेल्या कपाटातून, हे शेवटपर्यंत कळले नाही. कपाटाला कुलूप मात्र दुसऱ्याच दिवशी बसले.

म्हणून या विषयाची सुरुवात पासवर्डपासून न करता कागदापासून करणे मला योग्य वाटते.

कागद देताना

ठाणे आणि नवी मुंबई परिसरात दर अकरा महिन्यांनी नवा भाडेकरार करणारी कुटुंबे पुष्कळ आहेत, आणि प्रत्येक कराराच्या वेळी आधार व पॅनच्या प्रती घरमालक, दलाल, करार नोंदवून देणारा एजंट, पोलीस ठाण्यातील भाडेकरू नोंद आणि सोसायटी अशा किमान पाच ठिकाणी जातात. त्यांपैकी कोणीही त्या परत करत नाही. कागद देणे टाळता येत नाही, परंतु दिलेला कागद दुसऱ्या कामाला वापरता येणार नाही, अशी तजवीज करता येते. झेरॉक्सवर ‘केवळ भाडेकरारासाठी’ असे लिहून त्याखाली फ्लॅटचा पत्ता, तारीख आणि सही टाकावी. हा मजकूर समासात लिहिला तर तो सहज कापून टाकता येतो. म्हणून तो तिरका, छायाचित्राच्या कडेवरून आणि छापील अक्षरांवरून जाईल असा लिहावा. असे केल्यास दलाल कुरकुर करतात, पण कराराच्या नोंदणीत त्याने काही अडत नाही, कारण तेथे ओळख पटते ती आधारच्या प्रमाणीकरणातून, झेरॉक्सवरून नव्हे.

जेथे पूर्ण आधार क्रमांकाची आवश्यकता नाही, म्हणजे सोसायटी, हॉटेल, व्यायामशाळा किंवा कुरिअरचे कार्यालय, तेथे मास्क्ड आधार द्यावे. आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावरून ते विनामूल्य उतरवून घेता येते आणि त्यावर बारापैकी शेवटचे चारच अंक दिसतात. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. उतरवून घेतलेली ई-आधारची फाइल पासवर्डने बंद असते, म्हणून ती व्हॉट्सॲपवर कोणालाही पाठवायला हरकत नाही, असे अनेकांना वाटते. तो पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी मोठी अक्षरे आणि जन्मवर्ष; ज्याला आपले नाव ठाऊक आहे आणि वयाचा अंदाज आहे, त्याच्यासाठी ते कुलूप नसल्यातच जमा आहे.

स्थानकाबाहेरील झेरॉक्सच्या दुकानात आता मूळ कार्ड कोणी काढतच नाही. दुकानाच्या क्रमांकावर फोटो पाठवला जातो आणि छापून मिळतो. दिवसभरात अशी कितीतरी माणसांची ओळखपत्रे त्या संगणकावर साठतात, आणि आपण आपल्या बाजूने संदेश पुसला तरी तेथे उतरलेली फाइल तशीच राहते. दोन मिनिटे अधिक लागली तरी मूळ कार्ड काचेवर ठेवून प्रत काढून घ्यावी आणि बिघडलेली प्रत दुकानातील टोपलीत न टाकता घरी आणावी.

अंगठा आणि सिमकार्ड

ऑनलाइन भाडेकराराच्या नोंदणीसाठी एजंट अंगठ्याचे यंत्र घेऊन घरी येतो. एरवी आपल्या बोटांच्या ठशांचा उपयोग वर्षातून मोजक्या वेळा होतो, तरी ते बारा महिने चोवीस तास वापरासाठी खुले असतात. नोंदणीकृत दस्तांवरील ठशांवरून कृत्रिम ठसे बनवून, आधारवर चालणाऱ्या रोकड-सेवेमार्फत खात्यातून पैसे काढण्याचे प्रकार देशात घडलेले आहेत, आणि त्यांत ओटीपीची गरजच पडत नाही. यावर साधा उपाय म्हणजे आधारच्या ॲपमधून किंवा संकेतस्थळावरून बायोमेट्रिक बंद करून ठेवणे. करारासाठी एजंट दारात आला की ते तात्पुरते उघडावे. दहा मिनिटांनी ते आपोआप पुन्हा बंद होते. त्याच ठिकाणी मागील सहा महिन्यांत आपले आधार कधी आणि कशा प्रकारे वापरले गेले, याची नोंदही पाहता येते. अनोळखी नोंद आढळल्यास १९४७ या क्रमांकावर कळवावे.

मोबाइल क्रमांक ही आजची खरी किल्ली आहे, कारण ओटीपी तेथे येतो. आपल्या कागदपत्रांवर दुसऱ्याने सिमकार्ड घेतले असेल, तर त्या क्रमांकावरून ॲपचे कर्ज काढणे सोपे जाते. दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर आपल्या नावावर चालू असलेले सर्व क्रमांक दिसतात, आणि ‘हा माझा नाही’ अशी खूण केली की तो क्रमांक बंद करण्याची कारवाई सुरू होते. महाराष्ट्रात एका व्यक्तीच्या नावावर जास्तीत जास्त नऊ जोडण्या असू शकतात. आपल्याला दोनच ठाऊक असतील आणि यादीत पाच दिसत असतील, तर उरलेल्या तिनांचा छडा त्याच दिवशी लावावा. घरात नेहमी उत्तम रेंज असताना फोनमधील नेटवर्क अचानक पूर्ण गेले आणि फोन बंद करून चालू केल्यावरही आले नाही, तर आपल्या क्रमांकाचे दुसरे सिम कोणी काढले असण्याची शक्यता गृहीत धरून, घरातील दुसऱ्या फोनवरून आधी मोबाइल कंपनीला आणि लगेच बँकेला कळवावे.

बँकेच्या नावाने येणाऱ्या फोनविषयी इतके लिहिले गेले आहे की दोनच गोष्टी सांगतो. पैसे मिळवण्यासाठी यूपीआयचा पिन कधीही टाकावा लागत नाही. आणि ‘डिजिटल अरेस्ट’, म्हणजे व्हिडिओ कॉलवरून पोलिसांच्या नावाने केलेली तथाकथित अटक, अशी कोणतीही कारवाई भारतीय कायद्यात नाही. विशेषतः ज्यांची मुले परदेशी आहेत आणि जे घरी एकटे असतात, अशा ज्येष्ठांना हे वाक्य पुन्हा पुन्हा सांगून ठेवावे.

दर तीन महिन्यांनी आपलेच नाव तपासावे

एवढी काळजी घेऊनही जुने कागद जगात फिरतच असतात. त्यामुळे खरा पहारा ठेवायचा तो पतअहवालावर, म्हणजे आपल्या नावावरील कर्जे आणि त्यांची परतफेड यांच्या नोंदीवर, ज्याला आपण सारेच ‘सिबिल’ म्हणतो. वास्तविक भारतात असे अहवाल तयार करणाऱ्या चार पतकंपन्या आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्स्पीरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार यांपैकी प्रत्येकीने आपल्याला वर्षातून एक संपूर्ण अहवाल विनामूल्य द्यावा लागतो. चारही अहवाल एकाच दिवशी न मागवता जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर असे वाटून मागवले, तर एक पैसाही खर्च न करता वर्षभर लक्ष राहते. संकेतस्थळावर शुल्क असलेल्या योजना ठळकपणे समोर येतात, त्यामुळे विनामूल्य अहवालाचा पर्याय थोडा शोधावा लागतो. स्वतःचा अहवाल स्वतः पाहिल्याने गुण, म्हणजे आपली पत दाखवणारा त्यातील आकडा, कमी होत नाहीत.

अहवाल हाती आला की बहुतेक जण गुणांचा आकडा पाहतात आणि फाइल बंद करतात. तो आकडा शेवटी पाहावा. प्रथम ‘चौकशी’ हा भाग उघडावा, कारण कोणीही आपल्या नावाने कर्जाचा अर्ज केला की कर्ज मंजूर होण्यापूर्वीच त्या संस्थेची चौकशी येथे नोंदली जाते. त्यानंतर वैयक्तिक माहितीतील पत्ते आणि दूरध्वनी क्रमांक वाचावेत. आपण कधी न राहिलेल्या गावाचा पत्ता किंवा अनोळखी मोबाइल क्रमांक दिसला, तर तो कोणत्यातरी अर्जातूनच तेथे आलेला असतो. मग खात्यांची यादी. मात्र यादीत वित्तसंस्थेचे नाव अनोळखी दिसले म्हणून लगेच घाबरू नये. वाशीच्या मॉलमधून हप्त्यांवर घेतलेला फ्रिज किंवा ऑनलाइन खरेदीवरची ‘आता घ्या, नंतर द्या’ अशी सोय, यांच्यामागे प्रत्यक्ष कर्ज देणारी कंपनी वेगळीच असते आणि अहवालात तिचेच नाव येते. रक्कम आणि तारीख आपल्या खरेदीशी जुळते का, हे पाहिले की उलगडा होतो.

एप्रिल २०२४पासून आणखी एक सोय झाली आहे. एखाद्या बँकेने आपला अहवाल पाहिला की त्याची सूचना एसएमएस किंवा ईमेलने आपल्याला देणे या कंपन्यांवर बंधनकारक आहे. परंतु ती जाते त्यांच्याकडे नोंदलेल्या क्रमांकावर. नोकरी बदलताना सोडून दिलेला जुना क्रमांकच तेथे असेल, तर ती सूचना भलत्याच माणसाला मिळते. पतकंपन्यांकडे हा क्रमांक बँकांकडूनच जातो. त्यामुळे आपल्या सर्व बँकांत चालू क्रमांक आणि ईमेल आहे ना, याची खात्री करावी.

घडून गेले असेल तर

येथे दोन प्रकार वेगळे ओळखावे लागतात. खात्यातून किंवा कार्डावरून पैसे गेले असतील, तर क्षणाचाही विलंब न करता सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर फोन करावा, म्हणजे रक्कम पुढच्या खात्यांतून निघून जाण्यापूर्वी गोठवता येण्याची शक्यता राहते. व्यवहाराचा क्रमांक आणि वेळ हाताशी ठेवावी. त्याच वेळी बँकेला कळवून तक्रार क्रमांक घ्यावा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ सालच्या परिपत्रकाने असे ठरवून दिले आहे की, चूक बँकेचीही नसेल आणि ग्राहकाचीही नसेल, अशा वेळी तीन कामकाजाच्या दिवसांत कळवणाऱ्या ग्राहकावर कोणतीही जबाबदारी येत नाही. चार ते सात कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास साध्या बचत खात्यासाठी ती कमाल १०,००० रुपयांपर्यंत राहते. ओटीपी स्वतःच सांगितला असेल, तर कळवण्यापूर्वीचे नुकसान आपले असते, परंतु कळवल्यानंतरचे बँकेचे. त्यामुळे लाजून गप्प बसण्यात केवळ तोटाच आहे.

नावावर कर्ज निघाले असेल तर घाई वेगळ्या प्रकारची हवी. प्रथम राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून तिची प्रत घ्यावी. ओळख चोरणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६ क खाली तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाचा आणि एक लाखापर्यंतच्या दंडाचा गुन्हा आहे, हे तक्रारीत नमूद करावे. आपल्याकडे हद्दीचा घोळ नेहमी होतो: पनवेल आणि खारघर रायगड जिल्ह्यात असूनही पोलिसांच्या दृष्टीने नवी मुंबई आयुक्तालयात आहेत, ऐरोली ठाणे जिल्ह्यात असूनही तेथेच आहे, आणि मीरा रोडला २०२० पासून स्वतंत्र आयुक्तालय आहे. तथापि दखलपात्र गुन्ह्याची माहिती हद्दीचा विचार न करता नोंदवून घ्यावी, अशी तरतूद नव्या फौजदारी संहितेत आहे. ‘हे आमच्याकडे येत नाही’ असे उत्तर मिळाल्यास झिरो एफआयआरची, म्हणजे अशा हद्दनिरपेक्ष नोंदीची, मागणी नम्रपणे, पण लेखी करावी.

त्यानंतर कर्ज देणाऱ्या संस्थेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पत्र लिहावे आणि त्यात तीन गोष्टी स्पष्टपणे मागाव्यात: मूळ अर्ज आणि त्यासोबतची ओळखपत्रे, अर्जातील मोबाइल क्रमांक, आणि कर्जाची रक्कम ज्या खात्यात जमा झाली त्याचा तपशील. आमच्या तरुणाचे प्रकरण सुटले ते या तिसऱ्या मागणीमुळे, कारण ते खाते त्याचे नव्हते हे संस्थेला नाकारता आले नाही. गुण सुधारावेत म्हणून हप्ता भरून टाकण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण भरलेला हप्ता पुढे कर्ज मान्य केल्याचा पुरावा म्हणून समोर ठेवला जाऊ शकतो. वसुलीचे फोन आल्यास तक्रारीचा क्रमांक सांगून लेखी पत्रव्यवहाराचा आग्रह धरावा. सकाळी आठपूर्वी आणि सायंकाळी सातनंतर वसुलीसाठी फोन करण्यास त्यांना मनाई आहे.

त्याच दिवशी पतकंपनीच्या संकेतस्थळावर त्या नोंदीविरुद्ध हरकत घ्यावी. पतकंपनी स्वतः नोंद बदलत नाही; ती कर्ज देणाऱ्या संस्थेकडे विचारणा करते. मात्र या सर्वांसाठी मिळून तीस दिवसांची मुदत आहे आणि ती उलटल्यास प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई तक्रारदाराला द्यावी लागते. संस्थेने तीस दिवसांत उत्तर दिले नाही किंवा तक्रार फेटाळली, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन आणि विनाशुल्क दाद मागता येते. पतकंपन्याही या लोकपालाच्या कक्षेत येतात, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते.

एका कंपनीचा अहवाल दुरुस्त झाला की काम संपले, असे समजू नये. आमच्या त्या तरुणाच्या सिबिल अहवालातून ते खाते गेले, त्याने नव्या उमेदीने दुसऱ्या बँकेत अर्ज केला, आणि त्या बँकेने पाहिला तो दुसऱ्याच पतकंपनीचा अहवाल, जिथे अठरा हजारांची थकबाकी अजून तशीच होती. म्हणून हरकत चारही ठिकाणी नोंदवावी, कर्ज रद्द केल्याचे संस्थेचे पत्र जपून ठेवावे, आणि पुढचा गृहकर्जाचा अर्ज चारही अहवाल पुन्हा मागवून पाहिल्यानंतरच करावा.