टोकियोहून एकट्याने कामाकुरा: एक स्टेशन आधी उतरा

कामाकुरा या समुद्रकाठच्या, जुन्या देवळांच्या गावी येणारे बहुतेक जण कामाकुरा स्टेशनवर उतरतात, समोरच्या कोमाची गल्लीत खातपीत तास घालवतात आणि भर दुपारी गर्दीतून मोठ्या बुद्धाकडे निघतात. चारनंतर एकेक देऊळ बंद व्हायला लागतं आणि निम्मं गाव बघायचं राहून जातं. त्यापेक्षा एक स्टेशन आधी, किता-कामाकुराला उतरावं आणि समुद्राच्या दिशेने चालत यावं. उतार आपल्या बाजूने असतो, आणि एकटं असलं की कुणासाठी थांबावं लागत नाही, त्यामुळे हे वेळापत्रक जमतंही.

टोकियो स्टेशनवरून जेआरची (जपानच्या मुख्य रेल्वेची) योकोसुका लाइन धरा. तिचे फलाट जमिनीखाली बरेच खोल आहेत. दुसऱ्या गाडीतून उतरून येत असाल तर दहा मिनिटं जास्तीची ठेवा. साडेसातच्या सुमारास निघालात तर साडेआठच्या आत पोचता. भाडं हजार येनपेक्षा कमी, सुइका हे आधी पैसे भरून वापरायचं प्रवास कार्ड चालतं. मधल्या दुमजली ग्रीन डब्यांना वेगळे पैसे पडतात, तिथे चुकून बसू नका. शिंजुकूहून येणाऱ्यांची चूक ठरलेली: शोनान-शिंजुकू लाइनच्या काही गाड्या झुशीला जातात, काही ओदावाराला. झुशीचीच घ्या. ओदावाराची ओफुनाला वेगळ्या रुळांवर जाते. तसं झालं तर ओफुनाला उतरून योकोसुका लाइन पकडा. मोठी बॅग टोकियोतच ठेवा, कारण कामाकुरा स्टेशनवरचे लॉकर सुट्टीच्या दिवशी सकाळीच भरतात.

निघण्यापूर्वी चार-पाच हजार येन रोख आणि भरपूर शंभराची नाणी खिशात हवीत. देवळांच्या खिडकीवर कार्डाचा भरवसा धरू नये.

एंगाकु-जी स्टेशनला लागूनच आहे, प्रवेश 500 येन. होजो तोकिमुने या राज्यकर्त्याने 1282 मध्ये ते बांधवलं, मंगोल आक्रमणात मेलेल्या दोन्ही बाजूंच्या सैनिकांसाठी. लोक मोठ्या लाकडी दरवाजाचे फोटो काढून परततात. उजवीकडच्या उभ्या पायऱ्या चढून 1301 ची घंटा बघायला फार थोडे जातात. पाऊण तास पुरे.

तिथून केंचो-जी पंधरा मिनिटांवर. फुटपाथ अरुंद आहे आणि शेजारून बस जातात, तेव्हा मोबाइलमधला नकाशा बघायचा तर आधी बाजूला थांबा. वाटेवरचं मेइगेत्सु-इन जूनमध्ये हायड्रेंजियाच्या फुलांसाठी गाजतं आणि तेव्हा तिथे लांब रांग असते. इतर महिन्यांत घाईत असाल तर सोडलंत तरी चालेल. केंचो-जी मात्र सोडू नका (500 येन). 1253 मध्ये स्थापन झालेल्या या झेन मठाच्या धर्मसभागृहात वर बघा, छतभर ड्रॅगन रंगवलाय. मागच्या डोंगरावर हान्सोबो या मठाच्या रक्षक देवतेचं ठाणं आहे. पायऱ्या बऱ्याच आहेत, गुडघे कुरकुरत असतील तर खालूनच नमस्कार करा. त्याच्या पुढे जंगलातल्या पायवाटा सुरू होतात. पाऊस पडून गेला असेल तर एकट्याने तिकडे जाऊ नये: चिकणमाती आणि उघडी मुळं दोन्ही निसरडी होतात, आणि घसरलात तर मदतीला कुणी नसतं.

आणखी पंधरा मिनिटं उतरलं की त्सुरुगाओका हाचिमांगू येतं, तेही मागच्या बाजूने. प्रवेश फुकट. मिनामोतो नो योरितोमोने 1180 मध्ये हे देवस्थान आत्ताच्या जागी आणलं. 61 पायऱ्यांच्या कडेला जो बुंधा दिसतो, तो 10 मार्च 2010 ला उन्मळून पडलेल्या प्रचंड गिंको झाडाचा. इथल्याच पायऱ्यांवर 1219 मध्ये तिसऱ्या शोगुनचा (लष्करी राज्यकर्त्याचा), सानेतोमोचा, पुतण्याने खून केला.

आता जेवण. बाराच्या आधी किंवा दीडनंतर जा. दारात एक बोट वर करून ‘हितोरी’ (एक जण) म्हटलं की काउंटरची एखादी खुर्ची मिळून जाते. शाकाहाऱ्यांनी इथे सावध राहावं. केंचिन-जिरू हे भाज्यांचं सूप मूळचं केंचो-जीचं असं मानतात, पण हॉटेलात त्याच सुपाचं पाणी बऱ्याचदा सुकवलेल्या माशाचं असतं. साध्या भाजीच्या नूडल्समध्येही तेच. ‘शोजिन र्‍योरी’ लिहिलेलं मठाचं जेवण हा खात्रीचा पर्याय, मात्र आधी जागा राखून ठेवावी लागते आणि काही ठिकाणी एकट्याचं बुकिंग घेत नाहीत. नाहीतर डबा सोबत घ्या. मासे खाणाऱ्यांनी भातावरचे शिरासू, म्हणजे बारीक मासे, खावेत. कच्चे मात्र जानेवारी ते मार्चच्या पूर्वार्धात मिळत नाहीत, तेव्हा मासेमारी बंद असते. चालता-चालता खाऊ नका. ते शिष्टाचाराला धरून नाही, शिवाय वरून घारी झडप घालतात. समुद्रकाठी तर हातातलं नेतातच.

कामाकुराहून एनोदेन या स्थानिक रेल्वेने तिसरं स्टेशन हासे. गाडी लहान, जाण्यायेण्याला रूळ एकच. रांग फलाटाबाहेर आली असेल तर अर्धा तास चालत जाणं बरं. हासेला आधी पुढे, कोतोकु-इनला, म्हणजे मोठ्या बुद्धाच्या देवळात जा (300 येन). अमिताभ बुद्धाची ही कांस्यमूर्ती 11.3 मीटर उंच आणि 121 टन वजनाची. घडवायला 1252 मध्ये सुरुवात झाली. भोवतीचं सभागृह वादळांत आणि त्सुनामीत गेलं, तेव्हापासून मूर्ती उघड्यावर आहे. पोकळ मूर्तीच्या आत जाता येतं (50 येन), पण तो दरवाजा साडेचारला, देवळाच्या आधी, बंद होतो. आवारात श्रीलंकेचे नेते जयवर्धने यांचा शिलालेख शोधा: दुसऱ्या महायुद्धानंतरच्या तहासाठी भरलेल्या 1951 च्या सॅन फ्रान्सिस्को परिषदेत जपानची बाजू घेताना त्यांनी धम्मपदातलं, वैराने वैर शमत नाही, हे वचन उद्धृत केलं होतं.

परतताना हासे-देरा (400 येन). अकरा मुखांच्या कान्नोनची (करुणेच्या बोधिसत्त्वाची) लाकडी मूर्ती नऊ मीटरहून उंच आहे. तिचा फोटो काढू देत नाहीत. खालच्या गुहेत बेंझाइतेन, म्हणजे आपली सरस्वती. गुहेचं छत ठेंगणं आहे, पाठीवरची बॅग पोटावर घ्या. जूनमध्ये इथल्या हायड्रेंजिया वाटेला वेगळं, वेळ ठरलेलं तिकीट लागतं. ते सकाळीच संपू शकतं, म्हणून त्या महिन्यात अख्खा क्रम उलटा करून आठ वाजता हासेपासून सुरुवात करा.

हिवाळ्यातला स्वच्छ दिवस असेल तर दोन स्टेशनं पुढे इनामुरागासाकीला उतरा, तिथून समुद्रापलीकडे फुजी दिसतो. मग कामाकुराला मागे न जाता एनोदेनने फुजिसावा गाठा. तिथून तोकाइदो लाइन थेट टोकियोला आणते.