बिलिमोरा–वघई या लाकूडगाडीचा इतिहास मुंबईतून कसा शोधावा

छोट्या रेल्वेमार्गाचा इतिहास लिहू पाहणारे हौशी अभ्यासक बहुधा आधी इंजिनांची यादी करतात. दक्षिण गुजरातेतल्या डांग या जंगली मुलखातील सागवानाच्या वाहतुकीसाठी वाढलेल्या बिलिमोरा–वघई या 63 किलोमीटरच्या, अडीच फूट रुंद रुळांच्या मार्गाबाबत मात्र सुरुवात लाकडापासूनच करावी. रूळ 1913च्या सुमारास गायकवाडांच्या बडोदे संस्थानाने टाकले, पण ज्या जंगलातून ओंडके येत ते 1842पासून भिल्ल राजांकडून भाडेपट्ट्याने इंग्रज सरकारकडे आलेले होते. त्यामुळे जंगलाचे कागद एका सरकारच्या दप्तरात आणि रेल्वेचे दुसऱ्याच्या, अशी विभागणी झालेली आहे.

प्रथम मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरचा, म्हणजे इंग्रज सरकारच्या जिल्हावार माहितीग्रंथाचा, 1880चा खानदेश खंड काढावा आणि त्यातला डांग संस्थानांविषयीचा मजकूर सावकाश वाचावा. डांग 1960मध्ये गुजरातेत गेल्यामुळे तो खानदेशाच्या खंडात शोधावा हे आजचा नकाशा पाहणाऱ्याला सुचत नाही, आणि माझ्या मते बहुतेकांचा शोध इथेच चुकतो. त्यातून राजांची, गावांची आणि घाटवाटांची नावे वहीत उतरवून मग काळा घोड्याला, एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीतल्या पुराभिलेख कार्यालयात जावे. तिथे केवळ ‘रेल्वे’ या मथळ्याखाली न शोधता महसूल विभागाच्या दप्तरांतले जंगलविषयक कागद आणि राजकीय विभागातला भिल्ल राजांचा पत्रव्यवहार पाहावा. जुन्या इंग्रजी कागदांत गावांची स्पेलिंगे एकसारखी नसतात, म्हणून प्रत्येक नावाची दोन-तीन रूपे तपासावीत. विभाग, वर्ष, खंड आणि पृष्ठ त्याच क्षणी टिपावे, कारण नंतर ते आठवत नाही.

रूळ टाकण्याचा निर्णय आणि खर्च यांसाठी बडोद्याच्या अभिलेखागाराची वारी अटळ आहे.

1951मध्ये पश्चिम रेल्वे स्थापन झाल्यानंतरचा काळ तुलनेने सोपा आहे, कारण हा मार्ग तिच्या मुंबई विभागात येतो. जुन्या वेळापत्रकांतून गाड्यांची संख्या दशकागणिक ताडून पाहावी. 2020मध्ये थांबलेली सेवा 2021मध्ये पुन्हा सुरू झाली, हेही नोंदवावे.

शेवटी गाडी चालू असल्याची खात्री करून बिलिमोऱ्याहून प्रत्यक्ष प्रवास करावा, उनाईनंतर रान कसे दाट होत जाते ते पाहावे, आणि वघईला उतरल्यावर ओंडके कुठे रचले जात व वाघिणींत कसे चढवले जात, हे गावातल्या वयस्कर माणसांना विचारावे.